राक्षसवत्सल

शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती तिशी ओलांडलेली पाच-सहा माणसं बसलेली दिसली, त्यातलं कुणी मधूनच "नॅट ट्वेंटी!" म्हणून किंचाळलं, आणि टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक जण गालातल्या गालात हसत असला, तर तो डीएम समजावा. डीएम म्हणजे डंजन मास्टर. बाकीच्यांना एकेकच पात्र: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. याच्या वाट्याला उरलेलं अख्खं जग, म्हणजे राजे, सराईवाले, पाऊसपाणी आणि मुख्य म्हणजे राक्षस. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या जोडगोळीचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला, तेव्हापासून जगभर डीएम निपजतायत. त्यांच्यातही पोटजाती आहेत. कुणी नकाशे काढण्यात रात्री घालवतो, कुणी कधीच न येणाऱ्या राजांच्या वंशावळी लिहितो. आमच्या नशिबी आलाय तो राक्षसवत्सल.

त्याला ओळखणं सोपं आहे. "आवडता मॉन्स्टर कोणता?" एवढंच विचारायचं. चारचौघं ड्रॅगन म्हणतात. ड्रॅगन म्हटलं की हा नाक मुरडतो. "खेळाच्या नावात जागा मिळालीय त्याला, अजून काय द्यायचं?" टॅरास्क या महाकाय राक्षसाचंही त्याला कौतुक नाही. खेळाच्या २०१४ च्या पुस्तकात त्याचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, ६७६ आहेत, गावंच्या गावं तुडवतो, पण "नुसता आडदांडपणा, व्यक्तिमत्त्व शून्य." मग तो खुर्ची पुढे ओढतो आणि उपवर मुलाची माहिती सांगणाऱ्या मावशीच्या सुरात सुरू होतो. "रस्ट मॉन्स्टर बघा. स्वभावानं गरीब. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मिशा लावल्या की लोखंड गंजतं, तेवढा गंज खाल्ला की पोट भरलं. माणसाला तोंडसुद्धा लावत नाही." आमच्या पॅलॅडिनचं, म्हणजे धर्मयोद्ध्याचं, चिलखत त्यानं भर लढाईत खाल्लं, हा तपशील या माहितीत येत नाही.

"आणि जेलॅटिनस क्यूब? दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. भुयाराचे बोळही दहा फुटीच. त्यामुळे बोळ कसा कानाकोपऱ्यापर्यंत लख्ख पुसत जातो! इतक्या टापटिपीचा प्राणी पुस्तकात दुसरा नाही." वाटेत आलेलं माणूस तो त्याच टापटिपीनं विरघळवतो. आमच्या डीएमकडचा क्यूब म्हणजे आईच्या कुंकवाची पारदर्शक प्लास्टिकची डबी आहे, उपडी घातलेली. कोपऱ्यात अजून जरा लाली दिसते. तिच्याखाली कुणाच्या पात्राची मिनिएचर, म्हणजे चिमुकली बाहुली, सापडली की त्याचा चेहरा उजळतो, आणि तो डबी बोटानं हलकेच अर्धा इंच पुढे सरकवतो, आतला माणूस पडू नये म्हणून.

हे वेड त्याला खेळाच्या जन्मकथेतूनच लागलंय. गायगॅक्सनं सुरुवातीला स्वस्तातल्या प्लास्टिकच्या विचित्र जनावरांची पुडी आणली होती. हाँगकाँगचा माल, पुडीवर 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून छापलेलं, पण आतली जनावरं कुठल्याच काळातली नव्हती. त्या पुडीतूनच आउलबेअर आला, रस्ट मॉन्स्टर आला, जमिनीखालून उसळणारा बुले आला. ही गोष्ट कळल्यापासून हा तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानांसमोर उभा राहून प्लास्टिकच्या प्राण्यांच्या टोपल्या उलथ्यापालथ्या करतो. हत्ती-घोडे नकोत. साच्यात बिघडलेला, सोंड आहे की शेपूट हे कळू नये असा एखादा मिळाला की बायकोला फोन करून सांगतो. दुकानदारही आता असला माल वेगळा काढून ठेवतात आणि त्याचे दोन रुपये जास्त लावतात.

पण त्याच्या सगळ्यात आवडत्या राक्षसावरून घरातच ठिणगी पडली. खेळात 'राक्षस' याच नावाचा एक राक्षस आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो आहे, आणि त्याची प्रेरणा रामायण नव्हतं. 'कोलचॅक' नावाच्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेचा एक भाग होता. चित्रात वाघाचं तोंड, अंगात उंची झगा, हातात पाइप. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तळहातही उलटे झाले. या राक्षसाची मिनिएचर रंगवून, वाघाचे पट्टे शून्य नंबरच्या ब्रशनं ओढून, डीएमनं ती टेबलावर ठेवली, तेव्हा त्याच्या आई भज्यांची ताटली घेऊन आल्या.

"हे कोण रे?"

"राक्षस आहे, आई."

"तोंड वाघाचं आहे याचं."

"तसंच आहे पुस्तकात."

"रावणाला दहा तोंडं होती, त्यातलं एकही वाघाचं नव्हतं. आणि हा ओढतोय काय?"

"पाइप."

आईंनी चष्मा वर सरकवून तो राक्षस हातात घेतला. "याचे हात उलटे आहेत. अरे, उलटे पाय असतात, तेही हडळीचे. कुणाची तरी ऐकण्यात गडबड झालीय." ताटली ठेवून त्या आत गेल्या. आमचा डीएम नियमांच्या वादात कुणाला हार जात नाही, पण तेव्हा त्याला शब्द सुचेना. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तरी रूप बदलतो हं हा. मारीचही बदलायचाच की." त्या प्रसंगानंतर त्यानं एक वही घातली. तिच्यात मुंजा, वेताळ, गिऱ्हा, हडळ यांचे हिट पॉइंट आणि आर्मर क्लास मांडणं चालू आहे. ब्रह्मसमंधाची बुद्धिमत्ता वीस ठरवली आहे. मुंजाचं घोडं मात्र अडलंय: पिंपळावरून खाली उतरल्यावर त्याची ताकद कमी व्हावी का, यावर आईंचा होकार अजून आलेला नाही.

या माणसाची खरी शोकांतिका अशी, की एवढ्या मायेनं वाढवलेला राक्षस आम्ही जेमतेम अर्ध्या तासात मारतो. मागे त्यानं एक माइंड फ्लेयर आणला होता. चेहऱ्यावर ऑक्टोपस बसल्यासारखं रूप, खाणं म्हणजे माणसाचा मेंदू. त्याच्यासाठी दोन पानी भाषण लिहिलं होतं, अस्सल संस्कृतप्रचुर मराठीत. इनिशिएटिव्ह पडला, पहिला नंबर आमच्या चोराचा लागला. ही चोर म्हणजे एरवी सीए असलेली बाई. तिचा आला नॅट ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर चक्क वीस. माइंड फ्लेयरचे हिट पॉइंट ७१. तिनं ४३ काढले, उरलेले पॅलॅडिननं. राक्षसानं तोंडही उघडलं नव्हतं.

"मरता मरता तो म्हणतो..." डीएमनं पानं हातात घेतली.

"मेलाय तो."

"मरता मरता."

"शून्यावर आलाय. शून्यावर कुणी बोलत नाही, तुझाच नियम आहे."

"तो तोंडानं बोलतच नाही. टेलिपथी असते त्याला."

पुस्तकात खरोखरच तसं आहे. त्यामुळे दोन्ही पानं आम्ही एका प्रेताच्या तोंडून, म्हणजे मनातून, ऐकली. आवाजात चढउतार उत्तम होते. शेवटच्या परिच्छेदाला पॅलॅडिनचेही डोळे जरा पाणावले, पण ते मिरचीच्या भज्यानं असावेत.

असा मार खाल्ला की पुढच्या शनिवारी हटकून कोबोल्ड येतात. कोबोल्ड म्हणजे खेळातला सगळ्यात फडतूस राक्षस, पाच हिट पॉइंटांचा. पण १९८७ साली 'ड्रॅगन' मासिकाच्या संपादकीयात रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांची हकीकत लिहिली. भिंतींतल्या फटींतून बाण, बोळात आग, पळावं तिकडे चोरवाटा. भलेभले वीर त्यांच्यापुढे शेपूट घालून पळाले. ते संपादकीय याला तोंडपाठ आहे. कोबोल्ड आले की आम्ही मुकाट्यानं कॅरेक्टर शीटवरचे हिट पॉइंट खोडायला रबर घेऊन बसतो.

आणि तरीही. आडोशामागे तो फासे टाकतो, ते आम्हाला दिसत नाहीत. सीए बाईंना हिशेब ठेवायची खोड आहे. त्यांचं निरीक्षण असं, की आमच्यातलं कुणी दोन-तीन हिट पॉइंटांवर आलं की आडोशामागचा फासा चार-पाचच्या वर जातच नाही. एवढा पाजी कोबोल्ड, पण नेमका तेव्हाच त्याचा नेम चुकतो, पाय घसरतो, धनुष्याची दोरी तुटते. त्याला विचारलं, तर "फाशांचं काही सांगता येत नाही बुवा," म्हणून तो पुठ्ठा नीट करतो. स्वतःच्या हातानं रंगवलेल्या राक्षसाला स्वतःच गुपचूप हरवणारा हा माणूस वर तोंड करून म्हणतो, की मी राक्षसांच्या बाजूचा आहे. आम्ही कुणी अजून त्याला खोटं पाडलेलं नाही.

सध्या आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. जादूगार लग्न करून बंगळुरूला गेला. शनिवारी सहानंतर मोकळे असाल तर या. नियम येत नसले तरी चालेल, भजी आवडायला हवीत. येताना फासे मात्र आणू नका. परक्या फाशांवर त्याचा विश्वास नाही.