काकांकडून घर घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

पोलादपूर तालुक्यातल्या वाडीतलं जुनं घर काकांकडून घ्यायचं असेल, तर बोलणी भर आषाढात सुरू करावीत. कौलं गळत असतात आणि काका त्या घराला कंटाळलेले असतात. गणपतीत विषय काढू नये. तेव्हा सगळे चुलते आरतीला एकाच ओटीवर जमतात आणि प्रत्येकाला आपला वाटा आठवतो.

आधी घरपट्टीची भीती सोडा. ‘किंमत जास्त दाखवली तर पट्टी वाढेल’ असं डोंबिवलीत बसून सांगणारा एक जाणकार प्रत्येक घराण्यात असतो. ग्रामपंचायतीला तुमच्या व्यवहाराशी देणंघेणं नाही. ती क्षेत्रफळ मोजते, भिंत मातीची की आरसीसीची ते बघते, घराच्या वयाप्रमाणे घसारा काढते, रेडी रेकनरचा दर धरते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी करते. काकांनी घर मायेपोटी दिलं की तुम्हाला पिळून दिलं, याचा रकाना तिच्याकडे नाही.

आता नमुना आठचा उतारा काढा. त्यावर बहुधा आजोबांचं नाव निघेल. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने भरली जाते. घराण्यातला सर्वांत नियमित करदाता तोच. काका तो उतारा मालकीचा पुरावा म्हणून नाचवतील. तो पुरावा नाही, कर कोणाकडून घ्यायचा याची ती नोंद आहे. मूळ कागद मागितलेत तर ‘पुरात गेले’ असं उत्तर मिळेल. 2021 च्या जुलैत महाडात सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा ज्यांचे खरोखरच गेले त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. पण तुमचे काका डोंगरावर राहतात. दस्त नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधकाकडे नक्कल मिळते.

आजोबांच्या नावावरचं घर एकटे काका विकू शकत नाहीत. वारसांत आत्याही येतात. त्यांना नेमकं याच वेळी विसरण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, ती पाळू नये. आत्या हक्कसोड पत्रावर सही करतील, मात्र 1988 साली कोणत्या लग्नात कोणी मान दिला नाही हे आधी ऐकून घ्यावं लागेल. त्या ऐकण्याला मुद्रांक लागत नाही.

मुद्रांकाचं नातेशास्त्र स्वतंत्र आहे. राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला किंवा नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये. भावाला दिलं तर बाजारमूल्याच्या 3 टक्क्यांपर्यंत. विकत घेतलंत तर नातं कुठलंही असो, ठरलेली रक्कम आणि बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर पूर्ण शुल्क. आयकर खात्याची वंशावळ आणखी निराळी. बाजारमूल्यापेक्षा बरंच स्वस्त घर काकांकडून मिळालं तर फरकावर कर नाही, कारण काका नातेवाईक. त्यांच्या मुलाकडून मिळालं तर कर लागू शकतो, कारण चुलतभाऊ त्या यादीत बसत नाही. लहानपणी एका पंगतीत जेवलात, हे विवरणपत्रात कुठेही लिहिता येत नाही. तेव्हा जे करायचं ते काका आहेत तोवर करावं. हे त्यांच्यासमोर बोलू नये.

पैसे बँकेतून द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर दंडाची पाळी काकांवर येते आणि ते ती तुमच्यावर आणतात.

थकबाकीचा तंटा शेवटी उरतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती मिळून रक्कम किरकोळ असते, म्हणूनच ती कोणी भरत नाही. व्यवहाराआधी बेबाकी दाखला मागा, नाहीतर मागणीचा कागद नव्या मालकाच्या दारात येतो.

नोंद तुमच्या नावावर झाल्यावरही गणपतीत काका सहकुटुंब येतील आणि माजघरात पथारी टाकतील. भाडं मागायचा विचार करू नये. घरपट्टीत निवासी वापराचा भारांक कमी असतो, व्यापारी वापराचा जास्त.