कमरंचा का हातातला?

मर्दानी खेळाच्या वर्गात पोराला घालायला कुणी आलं की इतर वस्ताद वय विचारतात, शाळा विचारतात. आमचे आबा विचारतात, "पोरगं पायाळू हाय काय?"

नवख्या आया बुचकळ्यात पडतात. शिवाजी पेठेतल्या जुन्या आयांना कारण ठाऊक आहे. पायाळू माणसाची, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याची, लाथ बसली की कमरेत भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात, आणि आबांची उसण वर्षातून चारदा भरते. पायाळू पोराला फी माफ. लाथ बसल्यावर चार दिवसांत आबांना बरं वाटतंच. चार दिवसांत उसण तशीही उतरते, हे मी सांगायला जात नाही. पेठेत राहायचंय मला.

आबा साठी ओलांडलेले. बत्तीस वर्षं बँकेच्या खुर्चीत बसून मणक्यातली गादी सरकली. पण खुर्चीचं नाव ते काढत नाहीत. "तलवारीचं दुखणं हाय हे," म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, पिळायचं नाही, आणि पट्टा सोडायचा नाही. यातलं शेवटचं आबांनी तंतोतंत पाळलं. डॉक्टरांचा पट्टा कमरेचा होता आणि आबांचा हातातला, एवढाच काय तो फरक. तेव्हापासून घरात "पट्टा कुठाय गं?" अशी हाक आली की काकू आतून विचारतात, "कमरंचा का हातातला?"

बरं, दुसरं कुठलं हत्यार असतं तरी चाललं असतं. लाठी मनगटावर खेळवता येते. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात अडकलेला. मनगटाला हलायला जागाच नाही. पुढं लांबलचक लवलवतं पातं. ते फिरवायचं खांद्यानं आणि कमरेनं. म्हणजे डॉक्टरांनी जे जे करू नका म्हटलं, त्याचंच नाव दांडपट्टा. २०२४ साली सरकारनं त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा आबा आठ दिवस पेठेतून ताठ मानेनं, ताठ पाठीनं फिरले. लोकांना वाटलं, अभिमान. काकू म्हणाल्या, "कसला अभिमान, वाकताच येईना झालंय."

गंमत अशी की पट्टा फिरवताना आबांची कमर कधीच धरत नाही. तेवढा वेळ ती तिशीची असते. धरते ती शिंकताना, चप्पल घालताना, फार तर पट्ट्यानं कापलेलं लिंबू उचलताना. म्हणून आबांनी लिंबूच वर आणलं. आधी ते जमिनीवर असायचं, मग विटेवर आलं, मग स्टुलावर. हल्ली कॅरमच्या टेबलावर असतं. विचारलं की उत्तर तयार, "आमच्या घराण्याची पद्धत हाय ती. मावळा लिंबासाठी वाकत नसतो."

आणि ही पद्धत आता खरोखरच घराणं व्हायला लागली आहे. वस्ताद करतो तेच पोरं करतात. आबांचा डावा हात सदा कमरेवर, म्हणून आठ-आठ वर्षांची चाळीस पोरं डावा हात कमरेवर ठेवूनच पवित्रा घेतात, बसताना "आई गं" म्हणतात आणि उठताना भिंत शोधतात. गेल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत दुसऱ्या पेठेतल्या एका वस्तादानं मला बाजूला घेऊन विचारलं, "हा पवित्रा कुठला म्हणायचा? आमच्यात न्हाई."

त्याच मिरवणुकीत आबांनी दहा मिनिटं पट्टा फिरवला. हलगी कडाडत होती, पात्याचा नुसता सूं सूं आवाज. खोटं कशाला बोला, माझ्या अंगावर काटा आला. मग मंडळाच्या अध्यक्षांनी शाल घातली आणि नारळ पुढं केला. नारळ घ्यायला आबा वाकले आणि तिथंच राहिले. लोक म्हणाले, "एवढा मोठा वस्ताद, पण नम्रता बघा!" अध्यक्ष संकोचले, तेही वाकले. दोघं डोक्याला डोकं लावून उभे. अध्यक्षांना खालून हळू आवाज आला, "पायाळूला बोलवा."

पोरगं आलं. सात वर्षांचं, फेटा डोळ्यांवर आलेला. पण लाथ मारेना. वस्तादाला पाय लावायचा नाही, ही आबांचीच शिकवण. शेवटी त्यानं आधी आबांच्या पायावर डोकं ठेवलं, डावा हात स्वतःच्या कमरेवर घेतला आणि दिली एक हळूच.

आबा वाकलेलेच. तसेच मान वळवून म्हणाले, "पवित्रा चुकला. मागं जा. परत मार."