काचेवर काच

अख्खा महाराष्ट्र सोलापुरी चादर पांघरतो. आमच्या मामांच्या घरी चादरीलाच पांघरूण असतं. पलंगावर चादर, चादर मळू नये म्हणून तिच्यावर मामींचं जुनं लुगडं, आणि दारात पाहुणा दिसला की लुगडं मळू नये म्हणून त्यावर टॉवेल. मामा माझे सख्खे कुणी नाहीत. ते सगळ्या गल्लीचे मामा. असे मामा सोलापुरात गल्लीला एक तरी असतात, आणि नसले तर त्या गल्लीतल्या वस्तू लवकर जुन्या होतात.

चादरीच्या एका व्यापाऱ्याकडं आयुष्यभर हिशोब लिहून ते निवृत्त झाले. घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. स्कूटरच्या सीटला कव्हर, कव्हरला कव्हर. फ्रीजच्या दारावरचा कंपनीचा निळसर पापुद्रा अजून निघालेला नाही. त्याच्या कडा उकलून वर आल्या तेव्हा मामांनी त्या सेलोटेपनं परत बसवल्या. अशा माणसाला मुलानं पुण्याहून स्मार्टफोन पाठवला.

फोनवर कंपनीनंच चिकटवलेली एक पातळ फिल्म होती. ती मामांनी काढू दिली नाही. तिच्यावर टेम्पर्ड ग्लास. मग झाकण असलेलं कव्हर, त्यावर चेनचा पाऊच, आणि मृगाचे ढग दिसले की पाऊच दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. त्यामुळं मामांशी बोलायचं तर दोनदा फोन लावावा लागतो. पहिला फोन बाहेर काढण्यासाठी, दुसरा उचलण्यासाठी.

ग्लास बदलायला मामा नवी पेठेत जातात. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, यजमान पूजेला बसतो तसे. दुकानातलं पोरगं एक नंबरचा ओला रुमाल फिरवतं, दोन नंबरचा कोरडा फिरवतं, मग निळ्या स्टिकरनं उरलीसुरली धूळ टिपतं. तेवढा वेळ मामा श्वास रोखून असतात, आणि आजूबाजूच्यांनीही तो रोखावा अशी त्यांची अपेक्षा असते. मे महिन्यात पारा 43 वर असताना त्यांनी दुकानाचा पंखा बंद करायला लावला होता. रांगेतल्या एका बाईंनी पदरानं वारा घेतला, तर मामांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पदर जागच्या जागी थांबला. एवढं करून काचेखाली एक कण राहिलाच. सोलापुरात फुफाटा काय कमी आहे? त्यात टॉवेलांचं गाव, हवेत तूस. मामांनी ग्लास काढायला लावला, दुसरा लावला, त्यात बुडबुडा निघाला. तिसऱ्या ग्लासला पोरगं म्हणालं, "मामा, आता पैशे नका देऊ, पण घरी जावा."

कुणीतरी त्यांना सांगितलं की न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ करायची; हवेतली धूळ खाली बसते, मग घरच्या घरी ग्लास लावता येतो. युक्ती खरी आहे. पण ज्या शहरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, तिथं धूळ बसवायला वाफ कोण करणार? मामी म्हणाल्या, "पाणी आलं त्या दिवशी आधी पिंप भरू द्या, मग तुमची काच."

मामांचा खरा शत्रू म्हणजे वालचंदला इंजिनीअरिंग करणारा त्यांचा भाचा. हा उघडा फोन वापरतो. ग्लास नाही, कव्हर नाही; जीन्सच्या मागच्या खिशात फोन घालून त्याच्यावर बसतो. मामांना हे बघवत नाही. उघडा फोन पाहिला की ते मान वळवतात.

एका रविवारी भाच्यानं विषय काढला. म्हणाला, फोनची मूळ काच साधी नसतेच. अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लास 2007 पासून फोनवर आहे. पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात, 400 अंशांच्या आसपास, काच बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे जाऊन बसतात. "म्हणजे बघा मामा, सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बारकं पोरगं उठलं आणि त्याच्या जागी पैलवान बसला. तसे सगळ्या बाकांवर पैलवान. मग अशी दाटी होते की कुणाला हलता येत नाही. म्हणून चीर सहज पुढं सरकत नाही."

मामा शांतपणे म्हणाले, "आन तसल्याच दाटीत खिसा कापतेत बे."

भाचा मागं हटला नाही. ग्लासच्या पाकिटावर ‘9 एच’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ते मामा गिऱ्हाइकांना वाचून दाखवतात (स्वतःच्या नव्हे, दुकानदाराच्या). तो म्हणाला, "हा हिऱ्याच्या पट्टीतला नऊ नंबर नाही. फ्रेडरिक मोस नावाच्या माणसानं 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची पट्टी केली, तिच्यात हिरा दहा, गारगोटी सात, काच साडेपाच-सहाच्या घरात. तुमचा 9 एच त्या पट्टीतला नाहीच. तो पेन्सिलीचा आहे. सगळ्यात टणक पेन्सिलीनं ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ."

जन्मभर पेन्सिलीनं बेरजा तपासलेल्या माणसाला हे सांगण्यात चूक होती. मामांचा चेहरा उजळला. "पेन्सिलीनं तर पेन्सिलीनं. टेस्ट तर झाली की! तुझ्या उघड्याची कुणी केली?"

खरं सांगायचं तर या भांडणात मी मामांच्या बाजूचा आहे. त्यांची कारणं मात्र मला मान्य नाहीत. किल्ली आणि नाणं काचेपेक्षा मऊ, त्यांना भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते वाळूला. वाळूत गारगोटीचे कण असतात, आणि सात नंबरचा कण सहा नंबरच्या काचेवर घासला की ओरखडा ठरलेला, मग काच गोरिलाची असो की माकडाची. होम मैदानावरून नुसतं चालत आलं तरी खिशात चिमूटभर धूळ जमते. तेव्हा ओरखड्यापुरता ग्लास कामाचा. पडण्याचं म्हणाल तर खरं काम कव्हरची वर आलेली कड करते. ग्लास असतो जेमतेम 0.3 मिलिमीटरचा, ज्या धक्क्यानं मूळ काचेला काही झालं नसतं, त्यानंही तो तडकतो. मामांकडं असे तडकलेले ग्लास एका स्टीलच्या डब्यात जपून ठेवलेले आहेत. प्रत्येकाबद्दल ते सांगतात, "हा गेला म्हणून फोन वाचला." नसता लावला तर काय झालं असतं, हे तपासायला तो फोन पुन्हा तसाच पाडावा लागेल, आणि मामा तो द्यायचे नाहीत.

मामा कधी गोत्यात आले असतील तर प्रायव्हसी ग्लासमुळं. दुकानातल्या पोरानं सांगितलं, बाजूच्याला काही दिसत नाही. मामांना वाटलं, म्हणजे हा जाड असणार. घरी आले. मामी शेजारी बसून नातवाचा फोटो बघायला वाकल्या तर काळं. मामांच्या समोर चित्र, मामींच्या समोर अंधार.

"काय लपवालाव ओ?"

"काय नाही गं, काचच तशी हाय."

"तशी कशाला घेतली?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. बासष्टाव्या वर्षी मामांवर संशय घेतला जाण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला वाटतं, आतून ते थोडे सुखावलेही असावेत. पण संध्याकाळच्या आत साधा ग्लास परत आला.

पुढं त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगांनाही काचेच्या टिकल्या लावून घेतल्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. मामा सातही नंदीध्वजांचे फोटो काढून आले, रात्री शोभेच्या दारूकामाचेही काढले. टिकलीखाली घामाचा ओलावा गेलेला. प्रत्येक दिव्याभोवती प्रभावळ, प्रत्येक माणूस ढगात. मामींनी ते फोटो पाहून हात जोडले. भाचा म्हणाला, "टिकल्या काढा." मामा म्हणाले, "फोटो पुढच्या वर्षी पण निघतील. कॅमेरा निघंल का?"

अखेर गेल्या दिवाळीत फोन बदलायची वेळ आली. अपडेट येईनात, बँकेचं ॲप उघडेना. मामा, भाचा आणि मी, असे नवी पेठेत गेलो. एक्स्चेंजसाठी पोरानं ग्लास उचकटला, मग कंपनीची ती मूळ फिल्मही सोलली. दुकान क्षणभर गप्प झालं. खालची काच आजवर कुणी पाहिलीच नव्हती, मामांनीसुद्धा नाही. तीत पंख्याची पाती मोजता येत होती. पोरानं फोन उलटसुलट केला, मॉडेल पाहिलं आणि म्हणालं, "बाराशे."

"काच बघ की!"

"काचेला कोण विचारतंय मामा? मॉडेल जुनं झालं."

आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाला त्याच मॉडेलचे, काचेवर जाळं होऊन गेलेल्या फोनचे, हजार मिळाले होते. इतक्या वर्षांच्या पांघरुणाचे दोनशे रुपये झाले. मामांनी मनातल्या मनात भागाकार केलेला त्यांच्या ओठांवर दिसला. मग त्यांनी जुना फोन खिशात घातला आणि नव्याचे पैसे रोख मोजले.

आता जुन्या फोनवर ताजा ग्लास आहे आणि मामा तोच वापरतात. बँकेच्या कामाला भाच्याला बोलावतात. नव्यालाही दुकानातच ग्लास लावून घेतला होता, तसाच तो खोक्यात बंद करून कपाटात, मामींच्या लग्नातल्या शालूशेजारी ठेवला आहे. भाच्यानं विचारलं, "मामा, हा काढणार कधी?"

"लग्नाकार्यात काढू की."