येणेकर

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे. पण ‘काय म्हणतोस, कसं चाललंय?’ असं कुणीही विचारलं की ‘चाललंय, थोडं येणं आहे’ हे एकच उत्तर तो इतकी वर्षं देत आलाय, की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तो येणेकर झाला. वेबसाइट बनवतो. कुठल्या कंपनीत? कुठल्याच नाही, फ्रीलान्स. हा शब्द त्याच्या आईला अजून पेललेला नाही. ती विचारणाऱ्याला सांगते, ‘घरीच असतो, कॉम्प्युटरवर.’ तिचा स्वर असा लागतो की समोरचा पुढचं काही विचारत नाही.

घरीच असतो म्हणजे मोकळाच असतो, हे सोसायटीने केव्हाच ठरवून टाकलंय. तिसऱ्या मजल्याचा सिलिंडर तो उतरवून घेतो, शेजारच्या काकूंकडे आलेल्या प्लंबरवर लक्ष ठेवतो, पाण्याचे टँकर मोजतो. त्याच्या दाराशी पार्सलांची रास बघून एका नव्या भाडेकरूने ‘दुकान किती वाजता बंद होतं?’ असं विचारलं होतं. नोकरी सोडली तेव्हा येणेकर म्हणाला होता, ‘आता डोक्यावर साहेब नाही.’ ते खरंच आहे. साहेब एकच असायचा आणि रविवारी गप्प बसायचा. क्लायंट सहा आहेत.

नातेवाईक हे सातवं खातं. ‘कॉम्प्युटरचं करतोस ना? मग पत्रिका करून दे, तुला काय, दहा मिनिटांचं काम!’ लग्नपत्रिका हा वेबसाइटपेक्षा अवघड प्रकल्प आहे, हे पत्रिका न केलेल्या माणसाला कळायचं नाही. गणपती उजव्या सोंडेचा नको. मुहूर्ताची मिनिटं गुरुजी दोनदा बदलणार. मग ‘आपले विनीत’खालची नावं. मोठे काका आधी की मोठ्या आत्याचे यजमान आधी, यावर दोन घरांत अबोला, आणि दोन्ही घरं फोन करणार येणेकरलाच. मागच्या वैशाखात त्याने एका मामेभावाची पत्रिका अशीच, नऊ वेळा नावं वरखाली करून, तडीस नेली. तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळही त्यानेच टाइप केली. तरी लग्नात पाकीट द्यावं लागलंच. घरातलं कार्य ना!

पण त्याची खरी प्रतिभा दिसते ती पैसे मागताना. कायदा त्याला तोंडपाठ आहे. संध्याकाळी चहाच्या टपरीवर आम्हाला ऐकवतो, ‘२००६ चा एमएसएमई कायदा. माझी उद्यम नोंदणी आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नसला तर १५. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने! शिवाय मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना तो खर्च आयकरात दाखवता येत नाही.’ बोलताना तो टेबलावर मूठ आपटतो, कटिंग सांडतो. मग खिशातून फोन काढून त्याच क्लायंटला लिहितो, ‘नमस्कार सर, सवडीने बघा, घाई नाही’, आणि पुढे हसरा चेहरा.

चक्रवाढ व्याजाचं पत्र आजवर एकालाही गेलेलं नाही. गेलं तर क्लायंट जाईल, ही भीती. त्याऐवजी येणेकरने पंचांग कामाला लावलंय. थकलेल्या प्रत्येक क्लायंटला गणेशचतुर्थीच्या शुभेच्छा जातात, मग दसऱ्याच्या, मग पाडवा-भाऊबीज. पैशाचा शब्द नाही. नुसतं नाव समोर दिसावं एवढाच हेतू. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’. पलीकडून जोडलेले हात येतात. होळीपर्यंत पोचलेलं बिल त्याच्या लेखी बुडीत. मध्येच कधी अकाउंट्समधून उत्तर येतं, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ ते करणारा माणूस नेमका रजेवर असतो. माझा तर्क असा, की सगळ्या कंपन्यांत मिळून तो एकच माणूस आहे आणि तो कायमचा गावी गेलाय.

पैसे आले तरी अख्खे येत नाहीत. दहा टक्के टीडीएस कापलेला असतो. तो कापणाऱ्याने सरकारात भरला की नाही हे बघायला येणेकर २६ एएस हा फॉर्म रात्री उशिरा, लग्न न जमणाऱ्याने पत्रिका उघडावी तसा उघडतो. पुढे रिटर्न भरून त्यातलं काही परत आलं, की त्याला तो दिवाळी बोनस म्हणतो. स्वतःचेच पैसे परत मिळाल्यावर पेढे वाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

वर्षभर तो बिलं जमवतो. लॅपटॉपचं, इंटरनेटचं, खुर्चीचं, क्लायंटला खाऊ घातलेल्या मिसळीचंसुद्धा. मार्चात चपलांचं खोकं भरून सीएकडे नेतो. सीए ते उघडत नाही. आयकराच्या ४४ एडीए कलमाखाली निम्मी कमाई नफा धरायची, बाकी निम्म्याचा खर्च झाला असं सरकारच मानतं. बिलं लागत नाहीत. हे तो दरवर्षी सांगतो आणि येणेकर दरवर्षी दुखावतो. ‘निम्मा नफा? माझ्या बायकोला विचारायचं होतं यांनी!’ पाठ झालेला तो कलमाचा नंबरही आता नव्या आयकर कायद्यात बदललाय, ही त्याला खास आपल्यावर केलेली कुरघोडी वाटते.

घराचं, कराचं आणि धंद्याचं अशी तीन खाती त्याने शिस्तीसाठी उघडली. आता कराचं खातं घराच्या खात्याला उसने देतं, घराचं धंद्याला, आणि १५ मार्चला ॲडव्हान्स टॅक्स भरायची वेळ आली की तिघं मिळून बायकोच्या खात्याकडे बघतात.

मध्यंतरी मात्र अघटित घडलं. नाशिकच्या एका नव्या क्लायंटने पहिल्याच फोनवर दर मान्य केला. घासाघीस नाही, ‘बजेट टाइट आहे’ नाही, ‘आमच्या भाच्यालाही येतं हे’ नाही. वर संध्याकाळच्या आत सगळे पैसे आगाऊ खात्यात! येणेकरला रात्रभर झोप नाही. माणूस ठीक असेल ना? दर कमी सांगितला का? दोन दिवस त्याने त्या कंपनीची चौकशी करण्यात घालवले. काही खोट निघाली नाही, तेव्हा जरा स्थिरावला आणि इतर कामांकडे वळला. नाशिकचं काम काय, होईल आता.

दसऱ्याच्या सकाळी टपरीवर त्याचा फोन वाजला. नाशिकहून सोन्याच्या पानांचं चित्र, ‘सहकुटुंब शुभेच्छा’, आणि पुढे हसरा चेहरा. येणेकरने जोडलेले हात पाठवले, फोन पालथा ठेवला आणि आम्हाला म्हणाला, ‘लोकांना जरा म्हणून दम नाही.’