टक्केवारीचे औदार्य

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांचे कौतुक करावे तेवढे थोडे. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले, तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत गेले, तर सहा महिन्यांत सुधारून आणावे.

पोलिसांनीही हीच दृष्टी ठेवावी. कपाटातले १० टक्के दागिने गेले, तर तक्रार घेऊ नये. ४० टक्के गेले, तर चोराला तीच चोरी सहा महिन्यांत सुधारून सादर करायला सांगावे.

६० टक्क्यांपुढे मात्र आयोग कठोर होतो. विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. प्राध्यापकाने तेच केले, तर लेखन मागे घ्यायचे, दोन वार्षिक वेतनवाढी सोडायच्या आणि तीन वर्षे नवे संशोधक विद्यार्थी घ्यायचे नाहीत. नोकरी, अर्थातच, पहिल्या खेपेस शाबूत.

पीएचडीच्या होतकरू उमेदवारांना नम्र विनंती: आधी प्राध्यापक व्हावे, प्रबंध मागाहून.