प्राध्यापकाचा पगार कसा मोजावा : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक पगारपत्रक, एक दोनशे पानी वही, किराण्याचं बिल आणि पुण्यात नोकरी करणारा एक साडू. साडू नसला तर मामेभाऊ चालेल, पण तोही वाणिज्यच शिकवणारा हवा. गणितवाला घेऊ नये, तो हिशेब तपासतो.

जागा कुठलीही चालते. मी हा प्रयोग रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या ओसरीवर बसून करतो. शहर बदललं की पगार परवडतो का, हा प्रश्न या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, जुनाच आहे. १८७७ साली विश्वनाथ दत्त नावाचे वकील कामानिमित्त कलकत्त्याहून इथे येऊन राहिले, पाठोपाठ शाळकरी नरेंद्र. त्याचं पुढे काय झालं ते इथल्या बूढा तलावातल्या विवेकानंदांच्या पुतळ्यावरून कळतंच. आजच्या सरकारी भाषेत ती एक्स वर्गाच्या शहरातून वाय वर्गाच्या शहरात झालेली बदली.

आता मूळ वेतन लिहा. सातव्या वेतन आयोगानंतर यूजीसीच्या तक्त्यात सहायक प्राध्यापकाची सुरुवात लेव्हल १० वर, ५७,७०० रुपयांनी होते. मुंबईत तेवढेच, रायपुरात तेवढेच, गडचिरोलीतही तेवढेच. आकडा सारखा दिसला की नवशिक्या वही मिटतो. मिटू नये.

कारण पुढे घरभाडेभत्ता येतो. राज्यं आपापले दर ठरवतात. आपण सोयीसाठी केंद्राचे धरू. पन्नास लाखांवर वस्ती असलेलं शहर एक्स, पाच ते पन्नास लाखांचं वाय, त्याखालचं झेड. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला, तेव्हापासून या तिघांना मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के मिळतात. पुणे एक्समध्ये, रायपूर आणि नागपूर वायमध्ये. म्हणजे पुण्याला १७,३१०, आम्हाला ११,५४०. वजाबाकी करा : ५,७७०. पुण्याचं पुणेपण सरकारदरबारी महिन्याला एवढ्याचं आहे. साडूला हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "एवढ्यात कोथरूडला माणूस नाही, स्कूटर राहते."

नागपूरकराला मात्र कमी लेखू नका. घरभाड्यात तो आमच्याच पंगतीला बसतो, पण वाहतूक भत्त्याच्या मोठ्या शहरांच्या यादीत नागपूर आहे आणि रायपूर नाही. त्याला ७,२००, आम्हाला ३,६००, त्यावरचा महागाई भत्ता वेगळा. म्हणजे घरात बसलो तर दोघं सारखे. उंबरा ओलांडला की तो दुप्पट. १८५४ पर्यंत आम्ही नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होतो, त्यामुळे फार मनाला लावून घेत नाही.

एक धोक्याची सूचना. वर्गात निर्देशांक शिकवणारी माणसंच इथे हटकून घसरतात. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतात, भिलाईचा आणि मुंबईचा आकडा शेजारी मांडतात, आणि ज्याचा मोठा ते शहर महाग असं जाहीर करतात. पण प्रत्येक केंद्राचं २०१६ साल त्याचं त्याचं शंभर धरलेलं असतं. भिलाई आपल्या पायरीपासून किती चढली एवढंच निर्देशांक सांगतो. कोण कितव्या मजल्यावर राहतो ते नाही.

म्हणून टोपली आपली आपणच भरावी. 'द इकॉनॉमिस्ट'ने १९८६ साली बर्गर घेऊन देशादेशांची चलनं तोलली. आपण पोहे घेऊ. अडचण अशी की इथे पोह्यांसोबत जिलेबी येते, नागपुरात तर्री आणि पुण्यात ओलं खोबरं. ही एकच वस्तू नव्हे हे आपल्याला कळतं. साडूला कळू देऊ नये.

घराचा रकाना भरताना प्रामाणिक राहा, इथे मोह होतो. माझं घर वडिलोपार्जित, वाटेकरी सात, भाडं शून्य. भत्ता तरीही मिळतो. साडूला हे पंचवीस वर्षं खुपतं आहे. पण दर मे महिन्यात छपरावरचे कवेलू फेरावे लागतात. फेरणारा म्हातारा वर चढतो, दहा कवेलू फुटलेले काढतो, उतरताना पंधरा फोडतो आणि दोन्हींची मजुरी घेतो. उरलेले सहा वाटेकरी त्या दिवशी फोन उचलत नाहीत. हे लिहायला रकाना नव्हता, म्हणून मी 'संकीर्ण' पाडला. आता वहीत तोच सर्वांत मोठा आहे.

ज्यांना तासावर पैसे मिळतात त्यांची तुलना या पद्धतीने करता येत नाही. आमच्याकडे त्यांना अतिथी व्याख्याता म्हणतात, महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे. यूजीसीने २०१९ मध्ये तासाला १,५०० आणि महिन्याला फार तर ५०,००० असं सुचवलं. त्यात ना शहराचा वर्ग, ना घरभाडं. आणि तास नसला की पैसा नाही, म्हणून उन्हाळ्यात रकाना कोरा. बूढा तलावाच्या काठी वर्षानुवर्षं धरणे-आंदोलनाचं स्थळ होतं. यांच्या मागण्या ओसरीपर्यंत ऐकू यायच्या, आकड्यांसकट. मग ते नवा रायपूरच्या तूता गावी हलवलं. आता पाऱ्यात शांतता आहे, आणि माझ्या वहीत त्या आकड्यांची भर पडत नाही.

शेवटी बेरीज. मी रायपुरात कमावतो, रायपुरात जेवतो, म्हणून राहणीमान रायपूरचं धरलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला पुण्याला गेली. खोलीभाडं, डबा, डिपॉझिट, दिवाळीचं तिकीट. पगाराचा मोठा वाटा आता पुण्यातच खर्च होतो, आणि ५,७७० मात्र साडूला मिळतात. हे मी त्याला फोनवर ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, खरं आहे. आणि येताना दहा किलो दुबराज तांदूळ आण, इथे तसा मिळत नाही. पैशाचं त्याने विचारलं नाही. संकीर्णमध्ये लिहून टाकलं.