काका, अर्धं मिनिट दम धरा!

प्रति,
समोरच्या घरातले डिशवाले काका,
केलगेरी, धारवाड.

विषय : सामन्याचा निकाल आगाऊ कळवण्याच्या आपल्या अखंड व विनामूल्य सेवेबद्दल.

ती. काकांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र उघडं लिहितोय, कारण आपणही कधी काही झाकून ठेवत नाही. विकेट पडली, झेल सुटला, पंचांनी बोट वर केलं, यातलं काहीही आजवर आपल्या पोटात राहिलेलं नाही. आपल्या गच्चीवर डिशची छत्री आहे. आमच्याकडे टीव्हीला वाय-फाय आणि वाय-फायवर ॲप. त्यामुळे मैदानातला चेंडू आपल्या घरी काही सेकंदांत पोचतो आणि आमच्या घरी यायला त्याला अर्धं मिनिट लागतं. आपल्या दोघांच्या मधला रस्ता मात्र एक रिक्षा जेमतेम जाईल एवढाच.

या अर्ध्या मिनिटाची आम्ही चौकशी केली. ॲपवाले म्हणे चित्राचे आधी छोटे छोटे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा लहान-मोठ्या पडद्यांसाठी वेगवेगळा तयार करतात, मग ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर धाडतात. चित्र मध्येच अडकू नये म्हणून आमचा टीव्हीसुद्धा काही तुकडे गाठीशी बांधल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादची वर्ल्ड कपची फायनल ॲपवर एका वेळी ५ कोटी ९० लाख लोक बघत होते. एवढ्या लोकांना शिळा चेंडू वाढायचा म्हणजे वेळ लागणारच. पण त्यातल्या किती जणांना समोर आपल्यासारखे काका लाभले असतील? बुमराचा चेंडू फलंदाजाला अर्धा सेकंदही देत नाही. आपण आम्हाला चांगलं अर्धं मिनिट देता, तरी आम्ही दर वेळी त्रिफळाचीत.

त्याच फायनलचं घ्या. मॅक्सवेलच्या षटकात रोहितनं षटकार मारला, पाठोपाठ चौकार. आमच्या पडद्यावर त्या चौकाराचा रिप्ले चालला होता, पोरं सोफ्यावर उभी राहून नाचत होती, आणि समोरून कानडीत आवाज आला, ‘अय्यो, होत!’ म्हणजे गेला! पोरं होती तिथंच खाली बसली. आमच्या रोहितनं तर अजून बॅटसुद्धा टेकवली नव्हती. मग त्यानं यथावकाश चेंडू हवेत मारला, ट्रॅव्हिस हेड पाठमोरा धावत गेला आणि त्यानं तो अशक्य झेल घेतला. हिनं शांतपणे विचारलं, ‘चहा टाकू का?’ रोहित ४७ वर गेला त्याचं दुःख आमच्या घरात आधीच होऊन गेलं होतं.

२९ जून २०२४. बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलचं शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला ६ चेंडूंत १६ धावा, समोर मिलर. हार्दिक आमच्याकडे अजून पळायला लागायचा होता. आणि आपण माळ लावली! सूर्यकुमारनं सीमारेषेवर चेंडू पकडला, आत उडवला, स्वतः बाहेर जाऊन परत आत आला आणि पुन्हा पकडला. साऱ्या देशाचा श्वास तिसऱ्या पंचाच्या निर्णयापर्यंत अडकला होता. आमचा कसा अडकणार? आपल्या फटाक्यांचा धूर आमच्या खोलीत येऊन पोचला होता.

महिलांच्या वर्ल्ड कपच्या फायनलला, २ नोव्हेंबर २०२५ ला, तर आपण कमाल केलीत. आमच्या सांगलीच्या स्मृतीनं ४५, शेफालीनं ८७ केल्या, भारताच्या २९८ झाल्या. पण पलीकडून दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शतक करून उभी होती. आधी आपला आवाज आला, ‘हां!’ मग, ‘अय्यो!’ मग पुन्हा, ‘हां हां हां!’ आमच्याकडे दीप्ती अजून क्षेत्ररचना लावत होती. तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी निदान केलं, ‘कॅच आहे, हातातून उडाला, पण घेतलाय.’ पुढे अमनजोतनं तो झेल हातात खेळवत तिसऱ्या प्रयत्नात पकडला, तेव्हा सगळ्या घरानं टाळ्या वाजवल्या. अमनजोतसाठी थोड्या, चिरंजीवांसाठी जास्त.

आपल्या सेवेचे लाभ नाकारता येत नाहीत. आजींना मोतीबिंदूमुळे पडदा नीट दिसत नाही. त्या हल्ली खुर्ची खिडकीकडे फिरवून बसतात. म्हणतात, ‘टीव्हीपेक्षा ह्याचं बरं, मध्ये जाहिराती नाहीत.’ बेळगावहून आलेल्या आत्या कानानं जरा कमी, त्यामुळे चिरंजीवांचं फावलं. ‘आत्या, या चेंडूवर विकेट नाही पडली तर पाव किलो पेढा माझ्याकडून,’ अशी पैज ते लावत गेले. लाइन बाजारात पेढ्याचे पैसे आत्यांनीच मोजले. धारवाडी पेढ्याला आपला एवढा मोठा हातभार लागेल असं कोणाला वाटलं होतं?

पूर्वी मात्र आपल्यासारख्यांना वाव नव्हता. बाळ ज. पंडित रेडिओवर मराठीतून समालोचन करायचे, तेव्हा एका दुकानापुढे ऐकलेलं वाक्य चालता चालता पुढच्या दुकानापुढे पुरं व्हायचं. १९९९ मध्ये आपल्या शेजारच्या गदगच्या सुनील जोशीनं नैरोबीत दक्षिण आफ्रिकेचे ५ गडी अवघ्या ६ धावांत काढले. तेव्हा विकेट पडली की सगळ्या गल्लीतून एकच आरोळी उठायची. मागची नाही, पुढची नाही. पुढच्या चेंडूवर काय होणार हे कोणालाच ठाऊक नसणं, ही गल्लीची सामाईक इस्टेट होती. आता तिच्या वाटण्या झाल्या. न कळण्याचा सगळा वाटा आपल्याकडे गेला आणि आम्हाला नुसतं कळणं आलं.

आमच्या मागच्या अंगाला विद्यापीठात शिकणारी पोरं खोली घेऊन राहतात. ती मोबाइलच्या डेटावर बघतात, म्हणजे आमच्याही मागे. चिरंजीवांनी आरोळी ठोकली की तिकडून कानडीत आमचा उद्धार होतो. एकूण अशी उतरंड आहे : वर मैदानातले, मग आपण, मग आम्ही, तळाला पोरं. प्रत्येक जण वरच्याच्या नावानं खडे फोडतो आणि खालच्याची मजा घालवतो. देशात बाकीचा कारभार कसा चालतो हे पोरांना यातून फुकटात शिकायला मिळालं.

तक्रार एकच आहे, तीही सेवेत खंड पडल्याची. अहमदाबादला हेड जम बसवायला लागला आणि आपला आवाज बंद झाला. मग दिवा बंद झाला. आपण टीव्ही बंद करून झोपलात, काका! हेडच्या १३७ धावांपैकी उरलेली प्रत्येक धाव आम्हाला स्वतः बघावी लागली. लबुशेनचा एकेक चेंडू आम्ही कोणाच्याही मदतीशिवाय सोसला. ‘आता पडेल विकेट, आता पडेल,’ असं म्हणत आम्ही वेड्यासारखे ४३ व्या षटकापर्यंत आशेवर बसलो. जिंकताना आपण अर्धं मिनिट पुढे आणि हरताना आम्हाला एकटं टाकून पसार, हा कुठला शेजारधर्म?

तरी पुढच्या फायनलपूर्वी खालील मागण्यांचा विचार व्हावा :

१. भारत हरत असतानाही सेवा सुरू ठेवावी. तेव्हाच तिची खरी गरज असते.

२. ओरडताना नुसतं ‘अय्यो’ म्हणू नये. कोण, कुठे, कसा आउट, हे स्पष्ट सांगावं. अर्धवट बातमीनं घरात तर्कवितर्क होतात.

३. फटाके लावण्यापूर्वी तिसऱ्या पंचाचा नाही, निदान आमच्या पडद्याचा निर्णय येऊ द्यावा.

हे जमत नसेल तर पुढच्या फायनलला आम्ही सहकुटुंब आपल्याकडेच येऊन बसतो. मागच्या खोलीतली पोरंही येतील, त्यांना घरचं खायला मिळत नाही. गिरमिट आपल्याकडून, मिरची-भजी आमच्याकडून, पेढे आत्यांकडून. मग ओरडायचं ते सगळे मिळून इतकं ओरडू, की गावात कोणाची छत्री आपल्याहूनही पुढे असली तरी तिकडचं काही ऐकू येणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा. आवाज वाढवू नये.

आपला आज्ञाधारक,
समोरचा वाय-फायवाला

ता. क. : पावसाची जोराची सर आली की आपल्या छत्रीचं चित्र फुटतं आणि आपण भिजत आमच्या खिडकीखाली येऊन ‘काय झालं, काय झालं?’ विचारता. तेव्हा आमच्याकडून उत्तर अर्धं मिनिट उशिरा आलं तर सूड उगवला असं समजू नये. आमच्याकडे चेंडू तेव्हाच पोचतो.